घसारा वजा जाता

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, ही गोष्ट मी होऊन कुणाला सांगत नाही. विचारलंच तर नाइलाजाने कबूल करतो. मी बँकेत कारकून आहे हे मात्र सांगावंच लागत नाही. माझ्याकडे बघितल्यावर ते कळतं. तीन वर्षं कॉलेजात काढून मी जे काही शिकलो, त्यातलं एकच तत्त्वज्ञान आजपर्यंत टिकलं. वस्तू वापरली की तिची किंमत उतरते. याला आमच्या शास्त्रात घसारा म्हणतात.

घसाऱ्याची गंमत अशी की दरवर्षी उरलेल्या किमतीवर दहा टक्के कापत गेलात, तर किंमत उतरत राहते पण शून्य काही होत नाही. मग कधीतरी एखादा हिशेबनीस कंटाळतो आणि ती वस्तू एक रुपयावर आणून ठेवतो. वस्तू अजून आहे, एवढं दाखवण्यापुरता तो रुपया. आमच्या शाखेतल्या एका लाकडी टेबलाची पुस्तकी किंमत एक रुपया आहे. त्या टेबलामागे मी बसतो. माझी पुस्तकी किंमत काय असेल, हा विचार मी दुपारच्या जेवणानंतर करत नाही. पचन बिघडतं.

या माझ्या एकुलत्या एका तत्त्वज्ञानाला आमच्या आत्याच्या पर्सने मोडीत काढलं, त्याची ही हकिगत.

आमचं मूळ घर पूर्णगडला. रत्नागिरीहून पावसवरून दक्षिणेला निघालं, की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या काठावर, डोंगराच्या उतारावर आमचं गाव टांगलेलं आहे. समोर खाडीपलीकडे गावखडी आणि डोक्यावर किल्ला. किल्ला एवढा आटोपशीर आहे की सावकाश बघायचा म्हटलं तरी अर्ध्या तासात 'पूर्ण' होतो. दरवाजावर गणपती आणि चंद्रसूर्य कोरले आहेत. १८१८ साली तो इंग्रजांकडे गेला. आमच्या घरावर मात्र त्याही आधीपासून एकाच सत्तेचा अंमल आहे. ती सत्ता बुरशीची.

लोक म्हणतात, पावसाळ्यात घरात बुरशी येते. पूर्णगडला बुरशीच्या घरात आपण येतो. खुंटीवर कंबरेचा पट्टा टांगावा, तर चौथ्या दिवशी तिथे पांढरट सापच लोंबताना दिसतो. पापड, पंचांग, आजोबांचा फोटो, सगळ्यांना एकाच मायेने ती गोंजारते. हवेतला दमटपणा पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर सतत राहिला की चामड्यावर बुरशी धरते, असं शास्त्र सांगतं. आमच्याकडे जुलैत तो ऐंशीच्या वर असतो. म्हणजे बुरशीच्या दृष्टीने पूर्णगड हे थंड हवेचं ठिकाण म्हणायला हरकत नाही.

गेल्या गणपतीत समया काढायला मी माळ्यावर चढलो आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत मला हिरव्या मखमलीची पर्स सापडली. हात लावला तेव्हा मखमल बोटांना आली. खाली चामडं होतं.

"आत्या, ही कुणाची गं?"

"माझी. दुसऱ्या कुणाची असणार? तुझ्या आजोबांची?" आत्या खालून म्हणाली.

आत्याची ती पर्स म्हटल्यावर मी ट्रंकेवरच बसलो. कारण त्या पर्सशी माझी लहानपणापासून ओळख. आत्या १९६७ साली मुंबईला सचिवालयात टंकलेखिका म्हणून लागली. आमच्या घराण्यात पगार आणणारी ती पहिली बाई. दुसऱ्या वर्षी तिने फोर्टातून बत्तीस रुपयांना ही पर्स घेतली आणि दिवाळीला ती खांद्याला लावून गावी आली. बत्तीस रुपयांत किती तांदूळ आला असता, याचा हिशेब आजोबांनी ओटीवर बसून तीन दिवस केला. चौथ्या दिवशी आत्या परत गेली, पर्ससकट. पुढे १९७५ साली सचिवालयाचं मंत्रालय झालं, खुर्च्या बदलल्या, टाइपरायटरच्या जागी संगणक आले. खांद्यावरची पर्स तीच राहिली. २००४ साली आत्या निवृत्त होऊन पूर्णगडला आली. तिच्याबरोबर पर्सही निवृत्त झाली आणि माळ्यावर गेली. आत्याला पेन्शन मिळालं. पर्सला बुरशी मिळाली.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "ही पर्स मी नवी कोरी करून देतो."

माणसाला अशा वेळी कुणीतरी अडवायला हवं. पण बायको करंज्या तळत होती.

कोकणी माणसाचा सर्वज्ञानकोश एकाच शब्दाचा असतो : खोबरेल. केस गळतात, खोबरेल. दार करकरतं, खोबरेल. मी अर्धी वाटी खोबरेल पर्सला पाजलं. ती प्याली. मला वाटलं, बिचारी वीस वर्षांची तहानलेली असणार. म्हणून आणखी अर्धी वाटी दिली. मग भाद्रपदातलं कोवळं कोवळं म्हणत दुपारी दोनचं ऊन दाखवलं. संध्याकाळी पर्सवर नकाशा उमटला होता. कुठे काळा खंड, कुठे तपकिरी समुद्र. पट्टा वाकवला तर 'कट' असा आवाज आला. पुढल्या चार दिवसांत बुरशी पुन्हा आली आणि मुदत ठेवीसारखी व्याज घेऊन आली.

मग मी तपकिरी बूट पॉलिश आणलं. खंड आणि समुद्र दोन्ही झाकले गेले. पर्स अशी चमकायला लागली की शेजारच्या मुलाने विचारलं, "काका, नवीन बूट?" आत्या बिचारी कौतुकाने ती खांद्याला लावून वाडीतल्या आरत्यांना गेली. परत आली तेव्हा तिच्या फिक्या निळ्या साडीवर, खांद्यापासून कमरेपर्यंत, पर्सने आपली सही केली होती.

आत्या रागावली नाही. ती रागावत नाही, हीच तिच्याबद्दलची आमची तक्रार आहे. साडी पाण्यात टाकता टाकता एवढंच म्हणाली, "छत्तीस वर्षं चर्चगेटच्या गर्दीत टिकली हो. तुझ्या आठ दिवसांत बसली."

रात्री मला झोप लागली नाही. एक तर करंज्या जास्त झाल्या होत्या आणि दुसरं म्हणजे हे वाक्य.

गणपती गेले. मी पर्स पिशवीत घालून रत्नागिरीला आणली. आमच्या शाखेपासून थोड्या अंतरावर एक म्हातारे मोची बसतात. बावीस वर्षं मी त्यांच्यावरून जातो आहे, पण आमचा व्यवहार चपलेच्या अंगठ्यापलीकडे कधी गेला नव्हता. मी पर्स त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, हुंगली, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हिला तेल कुणी पाजलं?"

"मी."

"आणि ऊन?"

"तेही मीच."

"पॉलिश विचारत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी पट्ट्याची कापलेली कड मला दाखवली. कड आरपार तपकिरी होती. "ही साल-हिरड्याची. क्रोमची असती तर आत निळसर-करडी दिसली असती. जुनं काम आहे साहेब. चांगलं कमावलेलं चामडं आहे."

'कमावलेलं' या शब्दाशी मी अडखळलो. बावीस वर्षं बँकेत बसून मला कमावण्याचा एकच अर्थ ठाऊक होता आणि तोही दुसऱ्यांच्या पासबुकात बघून. कच्चं कातडं दोन दिवसांत सडतं. त्याला चुन्यात भिजवून, केस काढून, बाभळीची साल नाहीतर सह्याद्रीतला हिरडा यांच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायचं, तेव्हा त्याचं न कुजणारं चामडं होतं. झाडातला तुरट रस कातड्याच्या धाग्याधाग्याला जाऊन चिकटतो. हे सगळं करणं म्हणजे कातडं कमावणं. २०१९ साली ज्या कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तिचं चामडंही असंच मुरवून कमावतात. क्रोमचं काम एक-दोन दिवसांत उरकतं. म्हणजे कातड्याच्या जगातही झटपट कमावणारे आणि हळूहळू कमावणारे असे दोन वर्ग आहेतच. आत्या दुसऱ्या वर्गातली, हे सांगायला नको.

"चामड्याला तेल लागतं साहेब, पण माणसाला मीठ लागतं तेवढंच," काका म्हणाले. जास्तीचं खोबरेल धाग्यांत बसतं, खवट होतं आणि बुरशीला जेवण होतं. ऊन चामड्याला भाजून काढतं, मग ते वाकताना मोडतं. मी पर्सला आधी जेवायला घातलं, मग भाजलं आणि मग वर रंगसफेदी केली. एका वाक्यात माझ्या तिन्ही उपायांचा निकाल लागला.

मग उपचार सुरू झाले. दिवसभराचं काम संपवून मी काकांच्या शेजारी उकिडवा बसू लागलो. शाखेतले लोक आधी हसले. नंतर आपापल्या चपला माझ्याबरोबर पाठवू लागले.

पहिलं काम बुरशी झाडण्याचं. ते घरात करायचं नाही, उघड्यावर करायचं. नाहीतर बुरशीचं बी घरभर उडतं आणि उरलेल्या वस्तूंना लागण होते. तोंडाला फडकं, हातात मऊ ब्रश, आणि ब्रशही नंतर धुऊन टाकायचा. दुसरं, सावलीत वाऱ्यावर ठेवणं. चार दिवस. मी विचारलं, "पंख्याखाली चालेल?" "चालेल. पण तुम्ही मध्येच इस्त्री आणू नका," काका म्हणाले. माझी पत एव्हाना एवढी घसरली होती. तिसरं, स्पिरिटमध्ये तेवढंच पाणी घालून, फडकं जेमतेम ओलं करून पुसणं. तेसुद्धा आधी पट्ट्याच्या आतल्या बाजूला, जिथे दिसत नाही अशा जागी करून बघायचं. रंग फडक्याला आला तर थांबायचं. आला तो माझ्या पॉलिशचा आला. खालचा मूळ रंग जागचा हलला नाही.

तेलाचे डाग काढायला काकांनी मुलतानी माती सांगितली. ती कोरडीच पसरायची, रात्रभर ठेवायची आणि सकाळी ब्रशने झाडायची. माती तेल ओढून घेते. आमच्या घरात मुलतानी माती बायकोच्या ताब्यात असते. मी पुडा मागितला तेव्हा तिने पंचवीस वर्षांनी प्रथमच माझ्या चेहऱ्याकडे आशेने पाहिलं. पर्ससाठी हवी म्हटल्यावर ती आशा मावळली. पण चार वेळा माती लावल्यावर काळे खंड बरेचसे आकसले, हे तिनेही मान्य केलं. पूर्ण गेले मात्र नाहीत.

पितळी बक्कलाच्या कडेला हिरवा मेणचट थर होता. मी त्याला बुरशी समजत होतो. ती बुरशी नव्हे. चामड्यातल्या चरबीने पितळेतल्या तांब्याला आणलेला तो कळंक. मी उत्साहाने चिंच काढली, कारण आमच्या घरी समया चिंचेने घासतात. काकांनी माझा हात धरला. चिंचेचं आंबट पाणी चामड्यात उतरलं असतं. एका लाकडी काडीने त्यांनी थर अलगद खरवडून काढला. शिवण उसवली होती तिथे मेण लावलेला दोरा आणि दोन्ही टोकांना सुया. टाके जुन्याच भोकांतून. नवी भोकं पाडली तर पोस्टाच्या तिकिटासारखं चामडं तिथे फाटतं, म्हणाले.

पट्ट्याच्या एका टोकाला बोट लावलं की तांबूस भुकटी निघत होती. ही भुकटी माझ्या ओळखीची. नोकरीच्या सुरुवातीला जुनी चामडी पाठीची लेजरं हलवली की आमच्या शर्टाला ती लागायची. पुढे वाचनात आलं, की पुस्तकांची चामडी बांधणी अशी भुगा का होते, हे शोधायला लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने एक समितीच नेमली होती आणि १९०५ साली तिचा अहवाल निघाला. गॅसच्या दिव्यांच्या आणि कोळशाच्या धुरातलं गंधकाचं आम्ल चामड्यात शिरतं, हे त्याचं एक मोठं कारण. एकदा भुगा व्हायला लागलेलं चामडं पूर्ववत होत नाही. काकांनी हा अहवाल वाचलेला नव्हता. त्यांनी भुकटी बोटांवर चोळून बघितली आणि म्हणाले, "गेलं ते गेलं. राहिलंय ते सांभाळायचं." समितीला याच्यासाठी काही वर्षं लागली होती.

इथे मी माझी शेवटची चूक केली. म्हणालो, "काका, असं करा. हा पट्टा बदलूनच टाका. आणि हे कोपरे झिजलेत त्यांना रंग मारा. एकदम नवी कोरी दिसली पाहिजे."

काकांनी हातातली सुई खाली ठेवली. "मग नवीच घ्या की साहेब. ही कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी पर्स उलटी केली. "बाई डाव्या खांद्याला लावायच्या. बघा, इथे पट्टा आतून गुळगुळीत झालाय. गर्दीत उभ्या राहायच्या. हा कोपरा अंगाशी दाबून धरलेला आहे, बोटांच्या जागा पडल्यात. पुढचा कप्पा फारसा उघडलेला नाही. आतला, चेनचा, तो सारखा उघडलाय. चेनची पुढची टोकं झिजलीत. पैसे तिथे असणार." मग त्यांनी चेन उघडली, आत बोटं घातली आणि चिकटलेल्या कागदांचा एक गठ्ठा बाहेर काढला. "हा कचरा घ्या."

कचरा मी घेतला. मनीऑर्डरच्या पावत्या होत्या.

दमटपणाने एकमेकींना चिकटल्या होत्या. घरी जाऊन मी त्या एकेक सोडवल्या. जुन्यात जुनी १९६८ ची, वीस रुपयांची. पूर्णगड पोस्टावर, आजोबांच्या नावे. म्हणजे बत्तीस रुपयांच्या पर्सबद्दल तीन दिवस हिशेब चालला होता, त्याच महिन्यातली. मग पंचवीस, मग चाळीस. ती माझ्या वडिलांची शाळा. आत्याचा हा धाकटा भाऊ. मग त्याचं कॉलेज. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्याची तारीख, एकाही महिन्याची चूक नाही. आत्याच्या लग्नाचं राहून गेलं, असं आमच्या घरात म्हणतात. 'राहून गेलं' म्हणजे नक्की कोणत्या महिन्यात, हे त्या पावत्या चाळताना साधारण लक्षात येत होतं. वडील नोकरीला लागल्यावर पावत्या विरळ झाल्या आणि १९९७ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाल्या. रक्कम पाचशे. खाली 'मजकूर' असतो तिथे तिच्या टंकलेखिकेच्या नीटस अक्षरात दोन शब्द होते : 'बी. कॉम. फी'.

ज्या शिक्षणाने मला घसारा शिकवला, त्याची फी या पर्समधून गेली होती. मी सवयीने बेरीज करायला घेतली. दोनदा केली आणि दोनदा वेगळी आली. बावीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं. तिसऱ्यांदा केली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, "पट्टा राहू दे. कोपरेही राहू देत." त्यांनी काही विचारलं नाही. भुगा होत होता तेवढ्या टोकाला आतून पातळ चामड्याची पट्टी देऊन ती जुन्याच भोकांतून शिवली. मग मधमाशांच्या मेणाचं क्रीम, बोटाच्या टोकावर मावेल एवढं. वर्षातून दोनदा, त्याहून जास्त नाही. ठेवायची ती सुती पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही. चामड्याचा श्वास तिथे कोंडतो. आत कोरे कागद चुरगाळून भरायचे. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अस्तराला लागते. डांबराच्या गोळ्यांना कीड घाबरते, बुरशी घाबरत नाही. "आणि मुख्य औषध म्हणजे वापरा," काका म्हणाले. "खांद्यावरच्या पर्सला बुरशी येत नाही साहेब. माळ्यावरच्या पर्सला येते."

हे वाक्य त्यांनी पर्सबद्दलच म्हटलं होतं. पण पूर्णगडच्या घरात वर्षातले अकरा महिने एकटी राहणारी आत्या माझ्या डोळ्यांसमोर आली, त्याला माझा इलाज नाही.

पर्स परत द्यायला गेलो तेव्हा पावत्याही कोऱ्या कागदात गुंडाळून आतल्या कप्प्यात जशाच्या तशा ठेवल्या होत्या. आत्याने चेन उघडली, बघितलं आणि बंद केली.

"वाचल्यास वाटतं," ती म्हणाली.

"हो."

"मग एवढं तोंड पाडायला काय झालं? पास झालास ना तू?"

"सेकंड क्लास."

"तेवढ्या फीत तेवढंच येणार," आत्या म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

नोव्हेंबरात सरकारी पेन्शनवाल्यांना बँकेत येऊन हयातीच्या यादीत सही करावी लागते. दरवर्षी मी आत्याची सही घरी जाऊन आणण्याची काहीतरी शक्कल काढत असे. या वर्षी म्हटलं, आत्या, तूच ये. सकाळच्या एस.टी.ने ती आली. डाव्या खांद्याला पर्स. रांगेत उभी राहिली. पुढे गर्दी झाली तसा तिचा हात आपोआप त्या कोपऱ्यावर गेला आणि बोटं आपापल्या जागी बसली.

काउंटरवर तिने पर्स ठेवली आणि आतून पेन काढलं. शेजारच्या टेबलावरचा आमचा नवा मुलगा आदबीने म्हणाला, "आजी, पर्स फार जुनी झाली हो. आता नवीन घ्या एक."

"घेईन की," आत्या सही करता करता म्हणाली. "पण ही अजून हयात आहे." आणि माझ्याकडे बघून, "तिचीही नोंद करून ठेव रे."

नोंद करायला मी तयार होतो, पण कोणत्या खात्यावर, ते सुचेना. घसारा वजा जाता किंमत एक रुपया, असं लिहिता आलं असतं. तेवढंच मला शिकवलेलं आहे. मी यादी पुढे सरकवली आणि आत्याला विचारलं, या शनिवारी आम्ही पूर्णगडला आलो तर चालेल का.

"गणपती नाही, काही नाही, कशाला येताय?"

"पर्सला वारा द्यायचाय," मी म्हटलं.